'टेबल' करायचं म्हणजे मांडायचं की गुंडाळायचं?

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच फजितीने. नोकरीचं पहिलं वर्ष, अमेरिकेतल्या क्लायंटसोबत रात्रीचा कॉल. मी एक बदल सुचवला. तिकडून उत्तर आलं, "लेट्स टेबल इट." मला वाटलं, जमलं! संसदेत अहवाल 'टेबल' होतो, तसा आपला मुद्दा आता चर्चेला येणार. दोन रात्री जागून स्लाइड्स केल्या. पुढच्या कॉलला स्क्रीन शेअर केली, तर तिकडे शांतता. मग मॅनेजरचा मेसेज: "अरे, तो विषय त्यांनी बाजूला ठेवलाय!"

गंमत म्हणजे चूक कुणाचीच नव्हती. ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल करणं' म्हणजे चर्चेसाठी मांडणं. आपल्याकडे तेच आलं, म्हणून मराठीतही कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात. अमेरिकेत मात्र टेबलावर ठेवलं म्हणजे तिथेच पडू दिलं, नंतर बघू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडत बसले, आणि दोघांना हवं होतं एकच! हा किस्सा चर्चिल यांनी स्वतः महायुद्धाच्या इतिहासात लिहिलाय.

आता या शब्दाचे बाकीचे अर्थ. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मूळ एकच: लॅटिन 'टाब्युला', म्हणजे फळी. फळीला पाय लावले की जेवायचं टेबल. फळीवर ओळी आणि रकाने आखले की तक्ता. त्यातूनच टाइमटेबल, शाळेतले पाढे म्हणजे 'टेबल्स', रसायनशास्त्रातली आवर्तसारणी. आमच्या डेटाबेसमधलं टेबलही याच घरातलं. खरं तर एडगर कॉड यांनी १९७० च्या पेपरमध्ये त्याला 'रिलेशन' म्हटलं होतं, पण लोकांच्या तोंडी टेबलच बसलं. छोटी फळी म्हणजे टॅब्लेट: आधी लिहायची पाटी, मग औषधाची चपटी गोळी, आता हातातला टॅब. वरून सपाट म्हणून पाचगणीचं टेबल लँड. आणि 'टेबलाखालून' काय चालतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हल्ली कॉलवर कुणी 'टेबल' म्हणालं की मी सरळ विचारतो, "आज बोलायचं की पुढच्या महिन्यात?" समोरचा हसतो, पण तारीख सांगतो. त्या स्लाइड्स अजून लॅपटॉपवर आहेत, कुणाला हव्या असतील तर कळवा.