पूर्णेचं बंदर

‘आपल्या जिल्ह्याचं बंदर कोणतं?’ कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून पाहा. उत्तर ठरलेलं, ‘अबे, बंदरं तं मेळघाटात!’

जोक भारी आहे, पण उत्तर चुकलं. अकोल्याची मोर्णा आणि अमरावतीची पेढी पूर्णेला मिळतात, पूर्णा चांगदेवजवळ तापीला आणि तापी सुरतेच्या पुढे समुद्राला. पाण्याच्या हिशोबानं आपलं बंदर सुरत.

गंमत म्हणजे सुरतेच्या ऐन भरभराटीत मोठी जहाजं सुरतेला लागतच नव्हती. तापीच्या मुखाशी इतका गाळ, की भरलेलं जहाज आत घेतलं तर रुतायची भीती. ती थांबायची उत्तरेला, सुवाळीला. शाळेत ‘वाळूचा दांडा’ आणि ‘खाजण’ पाठ केलं होतं ना? जवळपास तेच चित्र तिथं होतं. किनाऱ्याला समांतर वाळूचा लांब दांडा, ओहोटीला उघडा पडणारा. त्याच्या आडोशाला, किनाऱ्यालगत खोल आणि शांत पाणी. भिंत नाही, धक्का नाही. लाटा अडवायचं काम वाळूनंच केलं. माल तिथून बैलगाड्यांनी आणि लहान होड्यांनी सुरतेत जायचा. १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज याच पाण्यात भिडले. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो इथेच उतरला आणि पुढे तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला गेला. महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये लुटली, ती सुरत हीच.

म्हणजे नदीच्या गाळानं एक बंदर अडवलं आणि शेजारच्याच वाळूनं दुसरं दिलं. आता हा गाळ कुठला? सगळ्या तापी खोऱ्याचा, त्यात आपलाही वाटा. पावसाळ्यात गांधीग्रामला पूर्णा पाहिली असेल, तर पाण्याचा रंग सांगायला नको. ती आपली काळी माती.

आज तापीच्या मुखाशी हजिऱ्याला गॅसची अवाढव्य जहाजं लागतात. आपली माती मात्र तिथवर फारशी पोचत नाही. वाटेत आधी हतनूर धरण, मग १९७२ पासून उकाई. जो गाळ बंदराचं दुखणं होता, तो आता धरणांचं झालाय, आणि शेतातून जाणं काही थांबलेलं नाही.

येत्या पावसाळ्यात ‘हतनूरचे दरवाजे उघडले’ ही बातमी येईलच. फोटोतल्या पाण्याचा रंग तेवढा नीट बघा.