विहिरीचं गुत्तं दिलं म्हणजे मजुराची जबाबदारी संपली का? कायदा काय म्हणतो, वाचा

उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात शिवाराशिवारात यारी उभ्या राहतात. पाऊस पडायच्या आत विहीर खाली गेली पाहिजे, म्हणून सगळ्यांचीच घाई. गुत्तं ठरवताना आपण काय विचारतो? फुटाला भाव काय, कठीण पाषाण लागला तर काय आणि पैसे किती टप्प्यांत. गुत्तेदारानं आणलेली माणसं कुठली, त्यांना रोज किती मिळतो, रात्री झोपतात कुठं, हे कुणी विचारत नाही. मी माझ्या विहिरीच्या वेळी विचारलं नव्हतं. चहा पाजला, तेवढंच.

जून 2023 मध्ये ढोकी पोलिसांनी वाखरवाडी आणि खामसवाडी शिवारातून 11 मजुरांची सुटका केली, ते आठवत असेल. विहिरीच्या कामावर दिवसाला 12 ते 14 तास राबवायचं, जेवण एकदाच आणि रात्री पळून जाऊ नयेत म्हणून साखळीनं बांधून ठेवायचं. त्यातला एक जण कसाबसा निसटला, हिंगोली जिल्ह्यात आपल्या गावी पोहोचला आणि तिथं त्यानं पोलिसांना सांगितलं, तेव्हा हा प्रकार बाहेर आला. म्हणजे बातमी लागली हिंगोलीतून. इथं रानात येणारे-जाणारे होतेच की.

त्या वेळी गुन्ह्यात मानवी तस्करीचं कलमही लागलं. तेव्हा ते भादंविचं 370 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते 143 झालं. एकापेक्षा जास्त माणसांची तस्करी असेल तर किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि त्याच्याकडून वेठबिगारी करून घेतली, तर अॅट्रॉसिटी कायदाही लागतो.

आता मुद्दा आपल्या रोजच्या व्यवहाराचा. साखळी कुणी बांधत नाही, पण उचल सगळेच देतात. सालगड्याला देतात, ऊसतोडीच्या टोळीला देतात. उचल देणं हा गुन्हा नाही. पण 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे त्या उचलीपायी माणसाला दुसरीकडं कामाला जाऊ दिलं नाही, कुठं हिंडू-फिरू दिलं नाही किंवा फुकट, नाहीतर नाममात्र मजुरीवर राबवलं, तर ती वेठबिगारी. त्याला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मदत करणाऱ्यालाही तेवढीच. आणि असं कर्ज कायद्यानं संपलेलं धरतात, ते परत मागता येत नाही. मागून घेतलं तर तो वेगळा गुन्हा. ही वेठबिगारीची उचल नव्हती, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, घेणाऱ्यावर नाही. सुप्रीम कोर्टानं 1982 मध्ये एशियाड कामगारांच्या खटल्यात आणखी पुढं जाऊन सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी.

शेतकरी म्हणतील, उचल बुडवून गडी पळाला तर आम्ही काय करायचं? प्रश्न खरा आहे, आणि मुकादमानं लाखो रुपये घेऊन फोन बंद केल्याची उदाहरणं प्रत्येक गावात सापडतील. फसवणूक झाली असेल तर पोलिसांत तक्रार, उधारी राहिली असेल तर दिवाणी दावा, हे दोन रस्ते आहेत. वेळखाऊ आहेत, मान्य. पण माणूस उचलून आणून कोंडून ठेवला, की पैसे बुडालेला शेतकरीच आरोपी होतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनं किमान वेतन सगळ्याच कामांना लावलं. कमी मजुरी दिली तर 50 हजारांपर्यंत दंड, पाच वर्षांच्या आत परत तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मजुराला 3 वर्षांपर्यंत मागचा दावा करता येतो. शेतीकामाला पाचपर्यंतच माणसं ठेवणाऱ्याला रजिस्टर वगैरेची सूट आहे. मात्र अधिकाऱ्यानं मागितलं तर मजुरी दिल्याचा पुरावा दाखवावाच लागतो. तेव्हा साधी वही करा, तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा. फोनवरून पैसे पाठवले तर आणखी चांगलं.

अपघाताचं तर आपण धरतच नाही. सुरुंग लावलेलं किंवा 12 फुटांपेक्षा खोल खोदकाम हे 1923 च्या भरपाई कायद्याच्या यादीत आधीपासून आहे. आता तो विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. हिशोब असा : महिना 15 हजार पगाराची मर्यादा धरली, तर 30 वर्षांचा मजूर कामावर मेल्यास पगाराच्या निम्मे 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15 लाख 59 हजार 850 रुपये. हे आधी गुत्तेदारानं द्यायचे. पण तो गायब झाला, तर जमीनमालकाला नोटीस येऊ शकते. विहीर हा शेतकऱ्याच्या धंद्याचा भाग आहे का, यावर कोर्टात वाद घालता येतो, पण वकील लावून, तारखा करून. म्हणून गुत्तं शंभराच्या नाही तर पाचशेच्या बाँडवर लिहून घ्या. मजुरांची नावं, आधारची झेरॉक्स, विमा कुणी काढायचा हे त्यात टाका. जो गुत्तेदार नावं द्यायला काचकूच करतो, त्याला काम देऊ नका.

आणि बांधावर एखादा मजूर घाबरलेला दिसला, 'घरी फोन लावून द्या' म्हणाला, तर लावून द्या. 112 ला कळवा किंवा तहसील गाठा. वेठबिगारीची चौकशी आणि सुटकेचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडं असतो. त्या दाखल्यावरच केंद्राच्या योजनेतून मजुराला पुनर्वसनाचे एक लाखापासून तीन लाखांपर्यंत पैसे मिळतात. दाखला मिळाल्याशिवाय त्याला गावी धाडू नका.