चालत्या जहाजांमधील अंतर

एकाच बंदरांतून एकाच क्षणीं दोन जहाजें निघालीं. एकाचा वेग ताशीं २० सागरी मैल, दुसऱ्याचा १५, आणि त्यांच्या मार्गांमध्यें ६० अंशांचा कोन आहे, असें समजा. दोन तासांनंतर त्यांच्यामध्यें किती अंतर पडेल? मार्ग काटकोनांत असते तर पायथागोरसचा सिद्धांत पुरला असता. येथें मात्र भुजांच्या वर्गांच्या बेरजेंतून, त्या भुजांच्या गुणाकाराची दुप्पट मधल्या कोनाच्या कोटिज्येनें गुणून वजा करावी लागते. भुजा ४० व ३०, ६० अंशांची कोटिज्या अर्धा. म्हणजे २५०० मधून १२०० गेले, १३०० उरले. त्याचें वर्गमूळ सुमारें ३६ मैल. एवढें शाळेंतील मुलगाहि करील.

परंतु भर समुद्रांत कप्तानापुढें येणारा प्रश्न निराळा असतो. समोरच्या जहाजाचा वेग अगर मार्ग त्यास पूर्वीं कोणी सांगत नसे. रडार यंत्र सांगे तें केवळ त्या क्षणींचें अंतर व दिशा. म्हणून निदान दोन वेळां पाहावें लागे. प्रथम जहाज १० मैलांवर दिसलें, थोड्या वेळानें ८ मैलांवर, आणि दोन दिशांमध्यें ५ अंशांचा फरक पडला. आपलें जहाज स्थिर कल्पिलें, तर दुसरें या त्रिकोणाच्या तिसऱ्या भुजेवरून सरकलें. वरील रीतीनेंच ती भुजा सुमारें २.१५ मैल येते. तीच पुढें वाढवून तिच्यावर आपल्या जहाजापासून लंब टाकला कीं, दोघांनीं मार्ग न बदलल्यास तीं किती जवळून जातील तें कळतें: येथें सव्वातीन मैल. फरक १ अंशाचाच असता, तर हा लंब पाऊण मैलाहूनहि कमी! आणि दिशा मुळींच न बदलतां अंतर घटत गेलें, तर लंब शून्य, म्हणजे टक्कर.

२५ जुलै १९५६ च्या रात्रीं, अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ, 'अँड्रिया डोरिया' हें इटालियन व 'स्टॉकहोम' हें स्वीडिश जहाज एकमेकांकडे येत होतीं. इटालियन जहाज धुक्यांत होतें. रडार दोघांवरहि होतें. इटालियन अधिकाऱ्यांनीं दुसरें जहाज सुमारें १७ मैलांवर पाहिलें. दोघांमधील अंतर ताशीं ४० मैलांच्या वेगानें घटत होतें, तरी हातीं पंचवीस मिनिटें होतीं. मात्र त्यांनीं रडारवरील नोंदी कागदावर मांडून आकृति काढलीच नाहीं. ते समजत होते कीं जहाजें उजवीकडून उजवीकडे जातील. स्वीडिश जहाजावर समजूत डावीकडून डावीकडे जाण्याची. एक डावीकडे वळलें, दुसरें उजवीकडे, आणि एकाचें नाक दुसऱ्याच्या कुशींत घुसलें. ५१ माणसें मेलीं. पेन्सिल, पट्टी आणि कोनमापक एवढेंच साहित्य लागणार होतें!

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत, येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा लक्षांत येण्याजोगी बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असें मानावें, असें घातलें आहे. त्यांतच आणखी एक सूचना आहे: जहाज फार मोठें असेल किंवा अगदीं जवळ आलें असेल, तर दिशा बदलत असूनहि धोका असूं शकतो. कारण त्रिकोणांत जहाज हा बिंदु असतो. समुद्रावर त्याच्या नाकापासून शेपटापर्यंतच कित्येक अंशांचा कोन होतो.