‘मॅडम, याला जरा समजवा’

नागपुरात ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ सांगितलं, तर तो क्षणभर विचार करतो. ‘पागलखाना चौक’ म्हटलं की लगेच निघतो. रुग्णालय १८६४ सालचं. चौकाचं ते नाव मात्र आजही पत्त्यांत आणि लोकांच्या तोंडी टिकून आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला समुपदेशकाकडे न्यायचं म्हटलं की अनेक आईवडिलांच्या डोळ्यांपुढे हाच चौक उभा राहतो. मग जाणं लांबत जातं. दहावी होऊ दे, सुट्या लागू दे, मामा येऊन बोलून जाऊ दे.

डोक्यात बिघाड असेल तरच समुपदेशकाकडे जायचं, हा सर्वांत जुना गैरसमज. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले. शंभरातल्या उरलेल्या सुमारे त्र्याण्णव जणांना आजार नाही, पण त्यांचीही झोप उडते, मैत्री तुटते, घरात खटके उडतात. केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तोच मुळी १० ते १९ वयाच्या सगळ्यांसाठी. आहार, मासिक पाळी, व्यसन, हिंसा आणि मनाचं आरोग्य या सगळ्यांचा विचार त्यात एकत्र आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत या कार्यक्रमाची जी केंद्रं आहेत, त्यांना ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. हे नाव फार विचारपूर्वक ठेवलेलं आहे.

दुसरा गैरसमज थेट समुपदेशकाच्या खोलीतच ऐकू येतो. मुलगा खुर्चीच्या कडेला बसलेला, नजर चपलांवर. आई सांगते, “दिवसभर मोबाइलच पाहून राहिला मॅडम हा, पुस्तक हाती घेत नाही. तुम्हीच याला जरा चांगलं समजवा.” समुपदेशक म्हणजे समजावून सांगणारी व्यक्ती, आईवडिलांचंच म्हणणं जरा गोड आवाजात मुलाच्या गळी उतरवणारी, अशी ही समजूत. नवे समुपदेशकही बहुतेक हीच समजूत घेऊन प्रशिक्षणाला येतात.

तिथे ती मोडायला वेळ लागतो. सरावासाठी तिघा-तिघांचे गट पाडतात. एक जण किशोर होतो, दुसरा समुपदेशक, तिसरा कागद घेऊन शेजारी बसतो आणि सल्ला दिला गेला की एक रेघ ओढतो. “मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा” असं वाक्य आलं, रेघ. “आईबाबा तुझ्या भल्यासाठीच सांगतात ना”, आणखी एक. दहा मिनिटांनी कागद समोर धरला की रेघा मोजताना समुपदेशक झालेल्याचा चेहरा उतरतो. मग तोच प्रसंग पुन्हा. या वेळी फक्त विचारायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून ‘मला बरोबर समजलं का’ असं तपासायचं. विचारण्यालाही क्रम असतो. आधी घर, मग शाळा, खेळ आणि मित्र. व्यसन, लैंगिकता, जगण्याचा कंटाळा हे त्यानंतर, थोडा विश्वास बसल्यावर. पहिल्याच मिनिटाला “सिगारेट ओढतोस का?” विचारलं तर उत्तर खोटं येणार.

हे शिकायला मानसोपचारतज्ज्ञच असावं लागतं का? नाही. याचा चांगला पुरावा विदर्भातच आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक प्रशिक्षित केले गेले. अवघड रुग्णांसाठी पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाले. प्रकल्प प्रौढांसाठी होता, पण गावातला माणूस नीट शिकवला तर हे काम करू शकतो, एवढं त्यातून नक्की कळलं.

मात्र याच्या उलटा गैरसमज जास्त घातक आहे. मन चांगलं असलं, दोन दिवसांची कार्यशाळा केली की झालं! बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेला प्रशिक्षित कार्यकर्ता होता, काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला. २०१८ मध्ये निष्कर्ष आले. कार्यकर्ता असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत असा फरक दिसला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा शोधू नये. सकाळी गणिताच्या वहीवर लाल शेरा मारणाऱ्या सरांपाशी दुपारी मन मोकळं करणं कुठल्याही मुलाला जडच जातं, आणि शिक्षकाच्या दिवसात या कामासाठी वेगळा तास नसतो. शिक्षकांना प्रशिक्षण द्यावंच. ते मुलातला बदल ओळखण्यासाठी आणि त्याला योग्य ठिकाणी पोचवण्यासाठी.

दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी आहे म्हणजे शिक्षण झालेलंच असणार, हेही धरून चालू नये. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांना २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याने पहिल्यांदा एका चौकटीत घेतलं. काय शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे पालकांनी न संकोचता विचारावं. चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

विचारलं तर नसतं डोक्यात येईल, ही भीती दोन विषयांत सारखीच दिसते. एक लैंगिकता, दुसरा आत्महत्या. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत १९९५ मध्ये ‘तारुण्यभान’ हा लैंगिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा असल्या गोष्टी मुलामुलींसमोर बोलायच्या कशा, हाच मोठा प्रश्न होता. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, हे युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन नोंदवलं आहे. आत्महत्येचंही तसंच. “जीव द्यावा असं मनात येतं का?” असं शांतपणे, स्पष्ट विचारल्याने तो विचार वाढत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलाला हायसं वाटतं. प्रशिक्षणात हे वाक्य अक्षरशः तोंडाने म्हणायला लावतात, कारण पहिल्यांदा ते घशातच अडकतं.

आणि पालक? त्यांच्याबद्दल दोन टोकं. एक, सगळा दोष त्यांचाच. दुसरं, पैसे भरून त्यांनी बाहेर बसावं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात १८ वर्षांखालच्या १०,७३२ मुलांनी आत्महत्या केली. परीक्षेतलं अपयश हे कारण ८६४ जणांच्या बाबतीत नोंदलं गेलं. कौटुंबिक समस्या हे कारण ३,२३३ जणांच्या. चर्चा मात्र जवळजवळ सगळी निकालाच्या दिवसांभोवती फिरते. एका शब्दात नोंदलेलं कारण कधीच पुरं नसतं, पण घर बाजूला ठेवून मुलाला मदत करता येणार नाही, हे या आकड्यांतून दिसतं. पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर ते पुढच्या वेळी येतच नाहीत. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांतही पालकांना सोबत घेणं धरलेलं आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं, आणि पालकांसाठीही नियमित कार्यक्रम हवेत. हे निर्देश कोचिंग क्लासेसनाही लागू आहेत.

शेवटचा घोळ गुप्ततेचा. मुलाला वाटतं, सगळं घरी कळणार. वडिलांना वाटतं, फी आपण भरली, तेव्हा कळायलाच हवं. वस्तुस्थिती या दोन्हींच्या मधली आहे. मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर समुपदेशक गप्प बसू शकत नाही. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाकी गोष्टी खोलीतच राहतात. ही मर्यादा पहिल्याच भेटीत, आईवडील समोर असताना सांगायची असते.

म्हणून पहिली भेट तीन भागांत घ्यायला शिकवतात. आधी सगळे एकत्र, मग मुलगा एकटा, शेवटी पुन्हा एकत्र. सर्वांत कसून सराव होतो तो दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांचा. समुपदेशक विचारते, “आता आईबाबा आत येतील. यातलं त्यांना काय सांगू?” मुलगा जरा वेळ घेतो. “फिजिक्स समजून नाही राहिलं, ते सांगा. क्लास बुडवला ते नका सांगू, मीच सांगतो.” ती ते जसंच्या तसं कागदावर लिहिते, कागद त्याच्याकडे फिरवून दाखवते आणि मग दार उघडते.