सुट्या भागांचे यंत्रवीर

जपानच्या तोएई कंपनीने १९६७ साली केलेली ‘जायंट रोबोट’ ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागली, तेव्हा गिरगावच्या चाळीत दर खोलीला टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या उंबऱ्यात मजल्यावरची पोरं दाटीवाटीने बसायची. डोक्यावर इजिप्तच्या फॅरोसारखं शिरस्त्राण असलेला अवाढव्य लोखंडी गडी, मनगटावरच्या घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा जॉनी सोको आणि शेवटच्या भागात खलनायकाला कवटाळून अंतराळात स्वतःला संपवणारा रोबोट. भाग अवघे २६, पण आज पन्नाशीला आलेल्या मुंबईकराला ते अजून आठवतात. मालिका आली, तिच्यामागून खेळणं मात्र आलं नाही. पोरांनी नुसत्या मनगटात बोलून वेळ भागवली.

जपानात हिशेब उलटा होता. तिथे मालिकाच मुळी खेळण्यांच्या जिवावर चालायची. १९७२च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘माझिंगर झेड’चा जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेला जड रोबोट पोपी कंपनीने १९७४ साली ‘चोगोकिन’ नावाने विकायला काढला आणि पुढची कित्येक वर्षं रोबोटचा आराखडा काढणाऱ्याच्या खांद्यावरून खेळणीवाला डोकावत राहिला. हात सुटा होऊन उडाला पाहिजे, छाती उघडली पाहिजे, रंग भडक पाहिजेत. ‘मोबाइल सूट गंडम’ १९७९ साली आली आणि प्रायोजक क्लोव्हर कंपनीची खेळणी खपेनात म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांत गुंडाळावी लागली. जुलै १९८०मध्ये बांदाईने त्याच गंडमचं १/१४४ प्रमाणातलं प्लॅस्टिकचं किट ३०० येनला बाजारात आणलं. त्यावर लोक तुटून पडले. तयार खेळण्याने जो रोबोट बुडवला, तो सुट्या भागांनी तारला. किट जुळवण्याच्या छंदाचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

आपल्याकडे या घराण्यातला जो रोबोट पहिल्यांदा दुकानात दिसला, तो अमेरिकेला वळसा घालून आला होता. ताकारा कंपनीच्या ‘डायक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या खेळण्यांच्या जपानी मालिकांतले रोबोट अमेरिकेच्या हॅस्ब्रोने उचलले आणि १९८४ साली त्यांना ‘ट्रान्सफॉर्मर्स’ हे नाव दिलं. १९८७ साली एमआरएफने हॅस्ब्रोबरोबर फनस्कूल काढली. गोव्यात तिचा कारखाना आला आणि जी. आय. जो हा सैनिक बाहुला गल्लोगल्ली पोचला. ट्रान्सफॉर्मर्सही आले, पण जोच्या मानाने थोडे. फनस्कूलच्या जोचे रंग मूळ अमेरिकी बाहुल्यांशी जुळत नसत. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही. आज नेमक्या त्या बेजोड रंगांसाठी परदेशातले संग्राहक फनस्कूलचा माल शोधत असतात.

आता गेममधल्या रोबोटांकडे वळू, कारण त्यांची जात वेगळी आहे. त्यांच्या डोक्यावर खेळणीवाला बसलेला नव्हता. १९९१ साली गेम बॉयवर आलेल्या ‘सुपर रोबोट वॉर्स’ने वेगवेगळ्या मालिकांतले रोबोट एका रणांगणावर आणले आणि पुढे त्यांच्या जोडीला स्वतःचेही घडवले. त्यांतल्या आल्टआयझेनसारख्यांची किटं नंतर कोतोबुकिया या तोक्योजवळच्या ताचिकावा गावच्या कंपनीने काढली. सेगाच्या १९९५च्या ‘व्हर्च्युअल ऑन’चे सडपातळ, टोकदार रोबोट हाजिमे कातोकीने रेखाटले. त्यांची किटं विमानांच्या मॉडेलसाठी नावाजलेल्या हासेगावाने काढावीत, ही गंमतच. ‘मेटल गिअर सॉलिड’मधला रेक्स आणि ‘झोन ऑफ द एंडर्स’मधली जेहुती हे दोन्ही योजी शिंकावाच्या कुंचल्यातून उतरले. पैकी जेहुतीचे पाय इतके निमुळते की टेबलावर उभी कशी राहायची, हा प्रश्न चित्रकाराला पडला नसावा. तो किट बनवणाऱ्याच्या माथी आला.

कॅपकॉमने २००२ साली ‘स्टील बटॅलियन’ या गेमबरोबर चाळीसेक बटणं आणि तीन पेडल असलेला कंट्रोलरच विकला. रोबोट कोसळताना बाहेर पडायचं बटण वेळेत दाबलं नाही, तर तुमचा चालक मरायचा आणि साठवलेला सगळा खेळ पुसला जायचा. असल्या निर्दयपणालाही गिऱ्हाईक मिळतं.

पण या सगळ्यांत मानाचं पान ‘आर्मर्ड कोअर’चं. फ्रॉम सॉफ्टवेअरचा हा गेम १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. त्याचे रोबोट शोजी कावामोरीचे. डायक्लोनमध्ये ज्याचा हात होता, ‘मॅक्रॉस’चं विमानातून रोबोट होणारं यंत्र ज्याने रचलं, तोच हा कावामोरी. रूपांतराची कोडी तो लेगोच्या ठोकळ्यांवर सोडवतो. ‘आर्मर्ड कोअर’मध्ये नायकाचा असा ठरलेला रोबोट नाही. खेळणारा गॅरेजमध्ये जातो आणि डोकं, धड, हात, पाय, इंजिन, शस्त्रं निवडून आपला रोबोट जुळवतो. वजन वाढलं की पाय पेलत नाहीत, वीज कमी पडली की उडता येत नाही. निम्मा वेळ लढाईत जातो आणि निम्मा या जुळवाजुळवीत. म्हणजे हा रोबोट पडद्यावरच किट होता.

कोतोबुकियाने ते बरोबर हेरलं. १/७२ प्रमाणातल्या तिच्या किटांचे सांधे असे बेतलेले असतात की एका खोक्यातले पाय दुसऱ्या खोक्यातल्या धडाला बसावेत. शस्त्रांचे संच वेगळे विकत मिळतात. ‘फॉर आन्सर’ या २००८च्या भागातला व्हाइट ग्लिंट हा या मालिकेतला सर्वांत देखणा मोहरा. त्याचे पातळ, धारदार भाग जोडताना मात्र भल्याभल्यांचा घाम निघतो. बांदाईचं गंडम किट अनुभवी आईसारखं सगळं सांभाळून घेतं. कोतोबुकियाचं तसं नाही. भाग बारीक आणि पुष्कळ, एखादा सांधा सैल, तर एखादा इतका घट्ट की मोडेल की काय अशी धास्ती. तरीही किंवा म्हणूनच, ते बांधणारे त्याचीच बाजू घेऊन भांडतात.

गिरगावकराला हे गेम भेटले ते ऑपेरा हाउसपासून मुंबई सेंट्रलकडे जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडमुळे. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी गिऱ्हाईक लॅमिंग्टन रोडच म्हणतं. नव्वदच्या दशकात ‘समुराई’ छापाचे टीव्ही गेम, नंतर चिप बसवून घेतलेले प्लेस्टेशन आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या नकली सीडी, असा तो काळ. गेम हातात आला, किट मात्र हजारो किलोमीटर लांब राहिलं. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाची बॅग किंवा हाजी अलीच्या हिरा पन्नातला चढा भाव, एवढेच काय ते मार्ग. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर रोबोट ढिगाने मिळत, पण ते बॅटरीवर दिवे लावत चालणारे.

हाताला सवय नव्हती असं नाही. कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील, चाळीच्या चौकातला मातीचा किल्ला, सुट्टीतला मेकॅनिक्सचा डबा यांवर वाढलेल्या मुलाला चौकटीतून भाग कापून आकृतीप्रमाणे जोडणं परकं वाटायचं कारण नाही. किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत एखादा रोबोट पहाऱ्याला उभा करणारी मुलं तर असतातच, आणि ‘हा काय शिवकालीन आहे का?’ असं विचारणारे काकाही असतात.

आता इंटरनेटमुळे किट मागवणं सोपं झालं आहे, कस्टममधून सोडवून घेणं नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून थेट ६० झालं आणि २०२३मध्ये ७०. त्या दराने हजार रुपयांच्या मालावर सातशे रुपये शुल्क, वर जीएसटी आणि टपालखर्च. १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्हही सक्तीचं झालं. देशी खेळणी उद्योगाला हात देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ‘आर्मर्ड कोअर’च्या किटला देशी पर्यायच नाही, तेव्हा या भिंतीआड नेमकं कुणाचं रक्षण होतं ते कळत नाही. आणखी एक गुंता आहे. बांदाईच्या साध्या किटवर ‘आठ वर्षांवरील’ असं छापलेलं असतं आणि मोठ्या मास्टर ग्रेडवर ‘पंधरा वर्षांवरील’. तो बांधणारा गिरगावकर मात्र बहुतेक वेळा चाळिशीतला असतो.

मग मुंबईची हवा. निपरने कापलेल्या भागाचा उंचवटा पॉलिश पेपरने घासणं, खाचांत काळी रेघ सोडणं, चिन्हं चिकटवणं हे बाराही महिने जमतं. शेवटचा मॅट थर फवारणं पावसाळ्यात जमत नाही. दमट हवेत तो थर पांढुरका पडतो आणि महिन्याभराच्या कामावर बुरशी आल्यासारखं दिसतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या गिरगावात जाणकार हे काम पाऊस सरेपर्यंत लांबणीवर टाकतात. खिडकीतलं ऊनही वाईट, पांढरं प्लॅस्टिक त्याने पिवळं पडतं. राहता राहिली जागा. जिथे माळ्यावर आधीच गाद्या, पातेली आणि गणपतीचं मखर आहे, तिथे रिकामी खोकीसुद्धा जपून ठेवणारा माणूस घरात लोकप्रिय नसतो.

किटं साठवत जाणाऱ्या या माणसाच्या बाजूने एक खरं कारण आहे. गेममधल्या रोबोटांची किटं गंडमसारखी सतत बाजारात नसतात. एक खेप येते, संपते, आणि पुन्हा कधी येईल ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणून दिसलं की घ्यायचं, बांधायचं नंतर बघू. ऑगस्ट २०२३मध्ये ‘आर्मर्ड कोअर ६’ आला आणि वर्षानुवर्षं थंड पडलेली ही मागणी जगभर उसळली. कोतोबुकियाने नवी किटं जाहीर केलीच. बांदाईनेही २०१९पासून चालवलेल्या ‘थर्टी मिनिट्स मिशन्स’ या स्वस्त आणि झटपट जुळणाऱ्या मालिकेत या गेमचे रोबोट आणले. कोतोबुकियाच्या किटांपुढे त्यांचे भाग मोजके आणि जोडणी सोपी. सीमाशुल्क भरूनही ते परवडू शकतात. जुने जाणते त्यांना ‘पोरखेळ’ म्हणून नाकं मुरडतात आणि बहुधा दोन-दोन मागवतात, कारण त्यातलेही हातपाय अदलाबदल करून लावता येतात.