पावसाच्या पाण्यास शहरात विसावा

शहर वाढू लागले की डांबरी रस्ते, फरशीची अंगणे व सिमेंटची छपरे वाढतात आणि पाणी मुरण्याजोगी जमीन घटत जाते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी होते. या हिशेबाने २५ मिलिमीटर पावसात १०० चौरस मीटरच्या एका छपरावरून २,५०० लिटर पाणी खाली येते. अशा हजारो छपरांचे पाणी एकाच वेळी गटारांत लोटले की सखल वस्त्या जलमय होतात.

१९६२ साली स्थापन झालेल्या हुबळी-धारवाड महानगरपालिकेपुढे हा प्रश्न आहेच. शिवाय हुबळीची जमीन बव्हंशी काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते. परंतु भिजताच फुगून भेगा मिटतात व पाणी मुरणे मंदावते. त्यामुळे नुसते शोषखड्डे खणून येथे भागत नाही. पाण्यास थांबण्यासाठी जागा राखावी लागते. पूर्वजांनी ती तळ्यांच्या रूपाने राखली होती. हुबळीचे उणकल, तसेच धारवाडचे केलगेरी व कविवर्य द. रा. बेंद्रे यांच्या वास्तव्याने ख्यात झालेले साधनकेरी ही त्याची उदाहरणे होत.

उणकल तळ्यापासून निघणारा नाला हुबळी शहरातून वाहतो. त्याच्या काठाने हरित मार्ग उभारण्याच्या प्रकल्पाची, २०१८ साली सुरू झालेल्या केंद्रीय कार्यक्रमात देशातील १२ प्रकल्पांमध्ये निवड झाली. फ्रेंच विकास संस्था व युरोपीय संघ यांचे साहाय्य या कार्यक्रमास लाभले. काठावरील गवत व झाडे पाण्याचा वेग कमी करतात, गाळ अडवितात आणि त्यांची मुळे माती मोकळी ठेवतात. रस्त्याकडेच्या वाळू-खडीच्या उथळ चरांत पाणी काही काळ थांबून गाळले जाते.

तथापि, नाल्यात सांडपाणी व कचरा येतच राहिला, तर काठची हिरवळ केवळ शोभेची ठरेल. शहराखालील गावांचे शेतकरी या नाल्यांचे पाणी वर्षानुवर्षे शेतीस वापरीत आले आहेत. शहराच्या हयगयीचे फळ त्यांच्या शेतापर्यंत पोहोचते.

म्हणून अंगणाचा काही भाग फरशीविना ठेवणे, नाल्याचे पात्र मोकळे राखणे व त्यात कचरा न टाकणे ही प्रत्येकाची जबाबदारी आहे. शिक्षकांनी शाळेच्या छपरावरील पाण्याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. शहरालगतच्या ग्रामपंचायतींनीही नवी वस्ती वसण्यापूर्वीच ओढे व तळी यांच्या हद्दी निश्चित कराव्यात.