इंजिन का तापते आणि पाणी कोठे जाते?

मे महिन्यातील भर दुपारची वेळ. मौद्याकडील एखादा शेतकरी आपल्या लहान मालवाहू गाडीतून कळमन्याच्या बाजार आवारात माल आणतो आणि माल उतरविल्यावर घरच्या लग्नाच्या कापडखरेदीसाठी गांधीबागेकडे वळतो. भंडारा मार्गावर गाडी उत्तम चाललेली असते. गांधीबागेच्या गर्दीत मात्र हातगाड्या, रिक्षा आणि माल उतरविणारी वाहने यांतून पावलापावलाने सरकताना तापमानाचा काटा वर चढू लागतो व थोड्याच वेळात बॉनेटखालून वाफ येते. अशा वेळी पुष्कळ चालक घाईघाईने रेडिएटरचे टोपण उघडतात आणि आत गार पाणी ओततात. यांतील पहिल्या कृतीने माणूस भाजतो व दुसरीने इंजिनाला तडा जातो. म्हणून शेतकरी बंधूंनी व ग्राम कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे. पुढील माहिती मोटार, मालवाहू गाडी आणि ट्रॅक्टर यांना बहुतांशी सारखीच लागू पडते.

इंजिन थंड कसे राहते?

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णताच प्रत्यक्ष कामी येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते. उरलेली उष्णता मुख्यत्वे इंजिनाच्या धातूत शिरते व ती बाहेर काढण्याचे काम पाण्याला करावे लागते. पंप हे पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवितो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते आणि पंख्याने ओढलेली हवा त्या नळ्यांवरून जाऊन उष्णता वाहून नेते. थर्मोस्टॅट ही वाटेतील झडप होय. इंजिन थंड असताना ती बंद असते व पाणी सुमारे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापले म्हणजे उघडते. रेडिएटरचे टोपण हे केवळ झाकण नसून दाब राखणारी झडप आहे. या दाबामुळे आतील पाणी १०० अंशांना न उकळता सुमारे १२० अंशांपर्यंत टिकू शकते.

उन्हाळ्यातच बिघाड का दिसतो?

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील, हे पाणी व हवा यांच्या तापमानातील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर व जानेवारीतील सकाळची हवा १५ अंशांवर असेल, तर हे अंतर ७५ अंशांचे होते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली म्हणजे तेच अंतर ४५ अंश उरते. म्हणजे त्याच रेडिएटरची शक्ती जवळजवळ तीन पंचमांश होते. नागपूर येथे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे विदर्भातील वाहनांवर पडणारा ताण लक्षात येईल. धुळीने अर्धवट बुजलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा हिवाळाभर निभावून नेतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. दोष जुनाच असतो; मे महिना तो केवळ दाखवून देतो.

काटा केव्हा चढतो ते पाहावे

इंजिन कोणत्या वेळी तापते, यावरून दोषाचा निम्मा शोध लागतो.

१. गर्दीत किंवा उभ्या गाडीत तापते व मोकळ्या रस्त्यावर पुन्हा थंड होते: दोष बहुधा पंख्याचा. पट्ट्यावरचा पंखा असल्यास इंजिन बंद करून पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबावा. तो साधारणपणे एक ते दीड सेंटिमीटर दबावा. त्याहून अधिक दबल्यास सैल समजावा. विजेचा पंखा असल्यास प्रथम फ्यूज, नंतर रिले व तारा तपासाव्यात. असा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून त्यात हात घालू नये. गांधीबागेत तापलेल्या गाडीचे लक्षण याच प्रकारातील आहे.

२. वेगात, चढावर किंवा नांगरणीसारख्या जड कामात तापते: रेडिएटर बुजला असण्याचा संभव अधिक. मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ जाळीत बसते. ती थंड इंजिनावर, हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट, म्हणजे पंख्याच्या बाजूने बाहेरच्या बाजूस, हलक्या दाबाच्या हवेने किंवा पाण्याने काढावी. फार जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात. बाहेरून रेडिएटर स्वच्छ असूनही गाडी तापत असेल, तर नळ्यांत आतून क्षार बसले असावेत.

३. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा. तो काढून पातेल्यातील पाण्यात ठेवावा व पाणी तापवावे. पाणी उकळू लागले तरी झडप उघडली नाही, तर तो बदलावा. थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकण्याची रीत चुकीची आहे. तसे केल्याने इंजिन नेहमी कमी तापमानावर चालते, इंधन जास्त लागते व झीज वाढते.

४. पाणी वरचेवर कमी होते: गळती आहे असे समजून तिचा शोध घ्यावा.

गळती शोधण्याची रीत

बंद वर्तुळात फिरणारे पाणी आपोआप संपत नाही. दर आठवड्यास पाणी घालावे लागत असेल, तर ते कोठे तरी जात आहे. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा व सकाळी थेंब कोठे पडले ते पाहावे. थेंब अगदी पुढे असल्यास रेडिएटर किंवा त्याच्या रबरी नळ्या पाहाव्यात. पंख्याच्या मागील बाजूस असल्यास पाण्याचा पंप पाहावा. त्याच्या तळाशी एक लहान छिद्र असते व आतील सील खराब झाले की पाणी तेथून झिरपते. वातानुकूलित गाडीतून पडणारे स्वच्छ पाणी मात्र गळती नव्हे. काही गळती केवळ इंजिन तापून दाब वाढल्यावरच होते. तेथे पाणी वाळून हिरवट, पांढरट किंवा गंजकट डाग राहतो. कारागिराकडील हातपंपाने थंड रेडिएटरमध्ये दाब भरून ठेवता येतो. काटा खाली आला तर गळती निश्चित समजावी.

बाहेर थेंबही नसताना पाणी घटत असेल, तर इंजिन पाणी खात आहे, असे कारागीर म्हणतात. हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे अशी: इंजिनाचे तेल दुधाळ होणे, गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, थंड इंजिन सुरू करताच वरची रबरी नळी फुगून कडक होणे. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास वाहन चालवू नये.

वाटेत इंजिन तापल्यास

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे व गाडी कडेला घ्यावी. वाफ येत असेल किंवा पाणी सांडले असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यानंतर किमान अर्धा तास टोपणास हात लावू नये. टोपण उघडताच दाब उतरतो व १०० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होऊन उरलेल्या पाण्यास तोंडावर उडवितो. वरची नळी हातास कोमट लागल्यावरच टोपणावर जाड फडके ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब जाऊ द्यावा व मगच काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. धातू एकाएकी आकुंचन पावून तडकतो. कोणी भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी धरावे, तेल किंवा हळद लावू नये व दवाखान्यात न्यावे.

दुरुस्ती

रबरी नळी चिरली असल्यास बदलावी व क्लिपही नवी घ्यावी. पितळी व तांब्याचे रेडिएटर झाळून दुरुस्त होतात. प्लॅस्टिकच्या टाकीचे बहुधा बदलावे लागतात. पंपाचे सील गेल्यास पंप दुरुस्त करावा किंवा बदलावा. टोपणाचे रबर कडक झाले असेल तर टोपण बदलावे. ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय. चालकांत रेडिएटरमध्ये हळदपूड टाकण्याची रीत आहे. हळद फुगून बारीक छिद्र बुजविते, हे खरे. परंतु ती रेडिएटरच्या निरोगी नळ्याही बुजविते. घर गाठण्यापुरताच हा उपाय करावा व नंतर रेडिएटर धुवून काढावा.

कोणते पाणी घालावे?

विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी पुष्कळदा जड असते; त्यातील क्षार नळ्यांत थरावर थर बसतात. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातील पाणी तर धातू कुरतडणारे असते. म्हणून शुद्ध पाणी व गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण वापरावे. बहुतेक गाड्यांना दोन्ही समभाग चालतात. तयार मिश्रण मिळत असल्यास त्यात पाणी घालू नये. गंजरोधक गुण काळाने कमी होतो, तेव्हा पुस्तिकेतील मुदतीप्रमाणे ते बदलावे. बहुतेक कूलंटमधील ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असते. काढलेले द्रव गोठ्याजवळ, अंगणात किंवा नालीत टाकू नये. कुत्री, जनावरे व मुले यांच्या जिवास त्यापासून धोका आहे.

दर आठवड्यास थंड इंजिनावर पाण्याची पातळी, पट्टा, नळ्या व रेडिएटरची जाळी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. एका नळीचा खर्च वाचविण्यासाठी तापते इंजिन पुढे रेटल्यास हेड वाकते आणि पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर कारागिराच्या दारात उभा राहतो. वाफसा त्याच्यासाठी थांबत नाही. पाणी घालण्यापूर्वी ते कोठे गेले हे शोधण्याची सवय प्रत्येक वाहनधारकाने लावून घ्यावी व ग्राम कार्यकर्त्यांनी ही तपासणी गावातील ट्रॅक्टरवर मृगापूर्वी करून दाखवावी.